मागचा डावा पाय

आमच्या ह्यांना वर्तमानपत्राच्या कचेरीत सगळे ‘नटबोल्ट’ म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण त्याच कचेरीत प्रुफं तपासण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे पाठीमागे काय बोलतात ते सगळं माझ्या कानावर यायचं. नाव काही चुकीचं नव्हतं. सरकारनं काहीही विकत घेतलं, की हे आधी ती वस्तू डोळ्यांनी बघून येणार, चाकं किती, बोल्ट कुठे, कडी उजवीकडे की डावीकडे, सगळं डोक्यात साठवणार आणि मगच व्यंगचित्राला हात लावणार. मंत्र्याचं नाक वीतभर लांब काढतील, पोट हंड्याएवढं करतील, पण यंत्राचा स्क्रू मात्र जिथल्या तिथे. “थट्टा माणसाची करायची, यंत्रानं काय घोडं मारलंय?” असं ह्यांचं म्हणणं. दुसऱ्या पेपरातली मंडळी असल्या खरेदीवर एक पांढरा हत्ती काढून मोकळी होतात. ह्यांनी आयुष्यात हत्ती काढला नाही.

सरकारनंही ह्यांना कधी रिकामं बसू दिलं नाही म्हणा. पुलाखालून न जाणारं जहाज झालं, दारातून आत न जाणारं इस्पितळाचं यंत्र झालं, धुकं मोजणारी आणि धुक्यात बंद पडणारी उपकरणं झाली. मंत्री बदलायचे, पक्ष बदलायचे, वस्तू बदलायच्या. गंज तेवढा तोच. ह्यांची चित्रं बघून लोक पोट धरून हसायचे आणि पुढच्या वर्षी आणखी महाग काहीतरी यायचं. अलीकडे हे टेबलाशी बसले की आधी नुसतेच कोऱ्या कागदाकडे बघत राहायचे.

“हे चित्र मी पूर्वीच काढलंय,” एकदा म्हणाले.

“कागद तर कोरा आहे.”

“तरी काढलंय.”

“मग सोडा आता.”

“सोडून काय करू? तुझ्या मागं मागं फिरू घरात?”

ते मला परवडलं नसतं, म्हणून मी गप्प बसले.

आमच्या घरचा एक रिवाज होता. चित्र झालं, की हे ते स्वयंपाकघरात घेऊन यायचे आणि ओट्याचा एक कोपरा पुसून त्यावर ठेवायचे. मी हात पुसून, चष्मा लावून अक्षरं तपासायची. फक्त अक्षरं. चित्राबद्दल मी बोलायचं नाही, हे न ठरवता ठरलेलं होतं. त्या पुलाखालच्या जहाजाच्या चित्राला मोठं बक्षीस मिळालं. मूळ चित्र चौकटीत घालून बाहेरच्या खोलीत लावलेलं होतं, येणारा जाणारा त्याच्यासमोर उभा राहून वाहवा करायचा, आणि काचेवरची धूळ मी पुसायची. तेव्हाही मी चित्राबद्दल अवाक्षर काढलं नाही.

आमचा जावई अग्निशमन दलात बंब चालवतो. दणकट गडी, पण बोलणं बेताचं. त्याच्या सुट्टीच्या दिवशी तो आणि लेक दुपारी आमच्याकडे जेवायला असतात. दोन घास पोटात गेले की मग त्याचं तोंड उघडतं, तेही कामाबद्दलच. यंदा सरकारनं परदेशातून शिडीचा एक बंब आणला. किंमत ऐकून घेरी यावी असला. त्याची शिडी म्हणे आभाळाला टेकते. आमच्या गावातली सगळ्यात उंच इमारत ती अर्धी उघडली तरी खाली राहते. मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन होईपर्यंत बंब ताडपत्रीखाली झाकून ठेवला होता आणि कुणाला बघायची परवानगी नव्हती. ह्यांनी दोन खेटे घातले, दोन्ही वेळा पहारेकऱ्यानं फाटकावरूनच परत पाठवलं. त्यामुळे हे चिडलेले होते.

त्या दुपारी जावई जेवता जेवता म्हणाला, “आता आम्ही उभ्यानंच जेवतो.”

“का रे?” मी विचारलं.

“त्या बंबाला चार लोखंडी पाय आहेत. ते बाजूला पसरून जमिनीवर टेकवल्याशिवाय शिडी उघडत नाही. आमच्या आवारात एक पाय बरोबर गटाराच्या झाकणावर येतो. पहिल्याच दिवशी झाकण खचलं. साहेबांनी तर आधीच लिहून दिलंय, जागा योग्य आहे म्हणून. मग काय करणार? आमचं जेवायचं टेबल नेऊन पायाखाली घातलं. जाड लाकडाचं आहे, तोलतंय.”

आम्ही सगळे हसलो. तोही हसला, कंटाळलेलं हसणं. दिवसभर धूर खाऊन आलेल्या माणसाला बसून जेवायला मिळू नये, याचं मला खरं म्हणजे वाईट वाटलं होतं. पण हे हसता हसता थांबले. हातातला घास ताटात ठेवला.

“कुठल्या पायाखाली?”

“मागच्या डाव्या.”

“टेबल कसं आहे?”

“साधंच. एक कोपरा तुटलाय.”

“तुमच्या बाजूचा की भिंतीकडचा?”

तिथंच माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मी भात वाढत होते.

दोन दिवसांनी चित्र ओट्यावर आलं. मंत्री फीत कापतायत, शिडी ढगात गेलीय, मागच्या डाव्या पायाखाली कोपरा तुटलेलं टेबल, आणि भोवती बंबवाले ताटं हातात घेऊन उभे. खाली ओळ होती, ‘वर जायची सोय झाली, खाली बसायची तेवढी राहिली.’ मी अक्षरं तपासली. अक्षरं बिनचूक होती.

चित्र छापून आलं आणि गाव हसलं. मंत्रीसुद्धा हसले. उद्घाटनाच्या भाषणात त्यांनी चित्राचं कौतुक केलं आणि मूळ प्रत त्यांच्या दालनात लावायला मागून घेतली. हे ऐकून ह्यांचं तोंड कडू झालं. “ज्याच्यावर काढलं तोच हसला, की संपलं,” म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

जावयाचे मोठे साहेब मात्र हसले नव्हते. जागा योग्य आहे, असं लिहून देणारे तेच. टेबलाची गोष्ट त्या आवाराबाहेर कुणालाही माहीत नव्हती आणि व्यंगचित्रकाराचा जावई त्या आवारात एकच होता. गुप्त माहिती बाहेर दिल्याचा ठपका ठेवून त्याला घरी बसवलं आणि चौकशी लावली. आरोप सिद्ध झाला, की नोकरी जाणार. त्याला बंब चालवण्याशिवाय दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही करायचंही नाही.

लेक एकटीच आली. आदळआपट करेल असं मला वाटलं होतं, लहानपणी करायची. ती ह्यांच्या कामाच्या टेबलाशेजारी उभी राहिली आणि अगदी हळू आवाजात बोलली.

“बाबा, पुढचा उजवा पाय काढला असता, तर तुमचं काय बिघडलं असतं?”

ह्यांनी पेनाला टोपण लावलं.

“टेबल सुचलं असेल असंच, म्हणाले असते लोक. पण मागचाच पाय, तोही डावा, आणि टेबलाचा कोपरासुद्धा तुटलेला? कुणाला हवा होता तो कोपरा? हसणारे त्या कोपऱ्याला हसले का?”

“नाही,” हे म्हणाले.

“मग कुणासाठी काढलात?”

ती चहासुद्धा न घेता गेली. मला ह्यांचा इतका राग आला होता, की त्या दिवशी मी ह्यांच्याशी फक्त कामापुरतं बोलले. राग आणि कीव एकाच माणसाची येते, तेव्हा फार दमायला होतं.

संपादकांनी बाणेदारपणा दाखवायचा म्हणून चौकशीवाल्यांना कळवलं, की आम्ही आमचा खबऱ्या उघड करत नाही. म्हणजे खबऱ्या आहे, हे सांगूनच टाकलं. आगीत तेल. शेवटी हे म्हणाले, मीच जातो आणि सांगतो, की टेबल माझ्या मनातलं आहे. मीही बरोबर गेले. ह्यांच्या भरवशावर काही सोडायची माझी तयारी उरली नव्हती.

चौकशी अधिकाऱ्याची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. पंखा कुरकुरत होता, खुर्च्यांच्या वेताला भोकं पडली होती आणि खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत तेवढी दिसत होती. अधिकारी मध्यम वयाचा, डोळ्यांखाली काळं आलेला. ह्यांना बघून तो उठून उभा राहिला.

“तुम्ही स्वतः आलात,” तो म्हणाला. “शाळेत असल्यापासून तुमची कात्रणं जमवतोय मी.”

“ते टेबल मनानं काढलं मी,” हे म्हणाले. “जावयाचा काही संबंध नाही.”

अधिकारी खाली बसला. त्यानं डोळे चोळले.

“साहेब, दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी लगेच लिहून घेतलं असतं. पण तुम्ही? जहाजाच्या दोऱ्यांच्या गाठीसुद्धा खऱ्या काढणारे तुम्ही. दलाच्या साहेबांचं म्हणणं तेच आहे. ह्यांच्या चित्रात चूक नसते, म्हणून टेबल खरं, म्हणून कुणीतरी सांगितलं. तुमचं चित्रच पुरावा धरलंय त्यांनी.”

“मग?” मी विचारलं.

“बाई, मलाही तुमच्या जावयाला घरी बसवायचं नाही. गटाराचं झाकण काय त्यानं बसवलं होतं? पण कागदावर लिहायला काहीतरी लागतं. मला ह्यांच्या जुन्या चित्रांतली एक चूक दाखवा. एकच. म्हणजे मी लिहितो, की ह्यांच्या चित्रावर पुरावा म्हणून विसंबता येत नाही, टेबल हा योगायोग आहे. फाइल बंद.”

आम्ही जिना उतरलो. हे दमलेले होते, कठड्याला धरून उतरत होते. पण मान जरा ताठ होती. मला दिसली ती. ‘ह्यांच्या चित्रात चूक नसते,’ हे सरकारदरबारी ऐकायला मिळालं होतं ना. जावयाची नोकरी चाललीय आणि ह्यांना आतून गुदगुल्या होतायत. रस्त्यातच ह्यांना चार शब्द सुनवावेत असं वाटलं, पण तेवढंही बळ नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लेकीला बोलावलं. माळ्यावरचे दोन्ही पेटारे खाली काढले आणि बाहेरच्या खोलीत फरशीवर चित्रं पसरून आम्ही तिघं बसलो, एक चूक शोधायला. मी आयुष्यभर चुका शोधल्या त्या काढून टाकायला. चुकीसाठी जीव टाकायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

“बाबा, ह्या विमानाला पायरी एकाच बाजूला कशी?”

“एकाच बाजूला होती. मी विचारून घेतलं होतं.”

“ह्या यंत्राची वायर भिंतीत न जाता बाहेरच लोंबतेय.”

“लोंबतच होती. तीच तर गंमत होती.”

“हा तोफेचा दांडा वाकडा आलाय.”

“आलाय कसला? वाकडाच होता. मी हात लावून पाहिला होता.”

चूक शोधायला बसलेला माणूस एकेका चित्राचं वकीलपत्र घेऊन भांडत होता. सुरुवातीला पडलेला आवाज हळूहळू चढायला लागला, डोळ्यांत पाणी चमकायला लागलं. हे त्या चित्रांत पार रमले होते. लेक बघत राहिली, मग उठली आणि न्हाणीघरात जाऊन तोंड धुवत बसली. नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला.

मी भिंतीकडे पाहिलं. मग खुर्ची ओढली, वर चढले आणि जहाजाची चौकट खिळ्यावरून काढली.

“ते कशाला काढतेस?” हे म्हणाले. “त्यात काही नाही सापडायचं.”

मी चौकट ह्यांच्या मांडीवर ठेवली.

“जहाजाचा धूर कुठे चाललाय?”

“डावीकडे.”

“आणि वरचा झेंडा?”

हे वाकले. चष्मा कपाळावर सरकवला आणि काचेच्या अगदी जवळ गेले. झेंडा उजवीकडे फडफडत होता. धूर डावीकडे, झेंडा उजवीकडे. धक्क्याला बांधलेलं, जागचं न हलणारं जहाज, आणि त्याच्यावर दोन्हीकडून वाहणारा वारा.

नळ बंद झाला होता आणि लेक दारात येऊन उभी होती.

“कधी दिसलं तुला?” ह्यांनी विचारलं.

“छापून आलं त्या सकाळी. चहा घेताना.”

“आणि इतकी वर्षं...”

“तुम्ही इतके खूश होता. आणि मी अक्षरं तेवढी बघायची ना.”

“दर आठवड्याला पुसायचीस तू ही काच.”

“हो.”

ह्यांनी चौकट छातीशी धरली. रडले वगैरे नाहीत, पण एकदम म्हातारे दिसायला लागले. मला वाटलं, मी ह्यांच्या हातातून काहीतरी काढून घेतलं आणि ते परत द्यायला माझ्याकडे काही नाही. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण लेकीकडे बघितल्यावर पश्चात्ताप झाला नाही.

दुसऱ्या दिवशी हे एकटेच गेले, चौकट जुन्या चादरीत गुंडाळून. मी येते म्हटलं तर नको म्हणाले. तिथं काय झालं ते परत आल्यावर मोजक्या शब्दांत सांगितलं. अधिकाऱ्यानं चित्र टेबलावर ठेवून बराच वेळ पाहिलं. ‘हे कात्रण माझ्या खोलीत भिंतीवर होतं,’ म्हणाला. मग लिहायला बसला. लिहून झाल्यावर ह्यांना दारापर्यंत सोडायलासुद्धा उठला नाही.

जावई कामावर रुजू झाला. आमच्या जिवात जीव आला. चौकट मात्र भिंतीवर परत गेली नाही. हे ती कपाटामागे ठेवून आले, चित्र भिंतीकडे करून. बाहेरच्या खोलीत रंगाचा एक फिकट चौकोन राहिलाय.

सुट्टीच्या दिवशी जावई आणि लेक येत राहिले. तोंडदेखलं काही नव्हतं, तो पूर्वीसारखाच वाकून ह्यांची विचारपूस करायचा. पण जेवताना उकाड्याबद्दल बोलायचा, भाज्या महागल्याचं बोलायचा. बंबाचं, दलाचं नाव नाही. तो दमलेला दिसायचा, एकदा हाताला भाजल्याचा फोडही होता, पण कशानं ते सांगितलं नाही आणि विचारायची आमची छाती झाली नाही. ज्या घरात त्याच्या बोलण्याचं चित्र झालं, तिथं तो का बोलेल? माणूस येतो, जेवतो आणि त्याचं सगळं बरोबर घेऊन परत जातो, हे मला त्या चौकशीपेक्षा जड गेलं.

मग सरकारनं रस्ते झाडायची अवाढव्य गाडी घेतली. ती धुळीबरोबर पदपथाच्या फरशासुद्धा ओढून घेते म्हणे. हे जाऊन बघून आले. खोलीत कागद फाडल्याचे आवाज येत होते. ह्यांनी चित्र फाडलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. दुपारी चित्र ओट्यावर आलं. मी अक्षरं तपासली.

“बरोबर आहे,” मी म्हणाले.

हे तिथंच उभे राहिले.

“आता ह्यात एक चूक कर.”

“काय करू?”

“चूक. गाडीत कुठेही. मी सकाळपासून प्रयत्न करतोय, हात वळत नाही. हा चुकीचा बोल्ट काढायला जातो आणि खराच येतो.” ह्यांनी पेन माझ्यापुढे धरलं. “ती गाडीही कुणीतरी चालवत असेल. त्याचाही कुणी सासरा असेल. ह्यापुढे माझ्या चित्रावरून कुणाला धरता येता कामा नये. रोज एक चूक. तू कर.”

“अहो, मला कुठे चित्र काढता येतं?”

“म्हणूनच.”

जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या मी. पेन हातात घेतलं तर ते कागदावर टेकवेना. शेवटी पुढच्या चाकावर, बाकीच्या नटांच्या ओळीत, जिथं जागा नव्हती तिथं आणखी एक नट काढला. जरा ओबडधोबडच आला. तेवढा वेळ हे खिडकीबाहेर बघत होते.

“झालं?”

“झालं.”

कुठं, ते त्यांनी पाहिलं नाही. चित्र पाकिटात घातलं आणि कचेरीत गेले.

ते छापून आलं त्या दिवशी जावयाला सुट्टी होती. जेवायच्या आधी तो पेपर चाळत बसला होता. चित्रापाशी थांबला, पेपर जवळ घेतला. जड गाड्यांत हयात घालवलेला माणूस.

“बाबा, ह्या चाकाला एक नट...” तो म्हणाला आणि थांबला.

त्यानं ह्यांच्याकडे पाहिलं. हे तांब्यातून पाणी ओतून घेत होते, मान खाली घालून. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पोळीवरून नजर वर केली नाही. त्यानं पेपरची नीट घडी घातली आणि बाजूला ठेवली. दोन घास खाल्ले.

“ते टेबल अजून तिथंच आहे,” तो म्हणाला. “परवा शिडी उघडली तर त्याचा एक पाय मोडला. आता साहेब म्हणतायत, त्यांच्या केबिनमधलं आणा.”

लेक हसली. कितीतरी दिवसांनी तिचं हसणं ऐकलं. हे पेला हातात धरून थांबले होते. ओठ हलले.

“त्यांना भाजी वाढ,” हे मला म्हणाले.

टेबलाचा कुठला पाय मोडला, ते त्यांनी विचारलं नाही.